पोपट आणण्याआधी माझं ऐक

लेकीनं पोपटाचा हट्ट धरलाय, बाजारात टोपलीत पिल्लं आलीत, “ताई, एक घेऊ का गं?” असं तू फोनवर विचारलंस. गडबडीत मी नुसतं “थांब” म्हणाले. आता कामं आटोपलीत, निवांत लिहिते. ते हिरवं पिल्लू घेऊ नकोस. लेकीला पाखरू हवंय ना, मग तिला पाखरू जरूर दे. पण ते दुसरं असू दे, एक न आणता दोन आण, आणि हा उन्हाळा जाऊ दे.

तुला वाटेल, ताईला झालंय काय? आपल्या आजोळी ओसरीच्या खांबाला राघूचा पिंजरा होताच की. होता. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत होता, अजूनही आहे. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पण ते पिल्लू पिंजऱ्यात पोचतं कसं, ते एकदा समजून घे, मग तुझा हात आपोआप मागं येईल.

आपले हिरवे पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. चिंच, पिंपळ, जुना लिंब, नाहीतर पडक्या वाड्याच्या भिंतीतलं भोक. हिवाळा सरता सरता जोड्या जमतात आणि फाल्गुन-चैत्रात पिल्लं मोठी होत असतात. नेमकी याच दिवसांत ती बाजारात का येतात, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. पिसंही धड न फुटलेली पिल्लं ढोलीत हात घालून काढली जातात. आईनं अन्न पचवून चोचीत भरवायचं, त्या वयात त्यांना डाळीचं पीठ कालवून चारतात. त्यानं कितीतरी पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी नासते. टोपलीत तुला दिसली ती जगलेली. वाटेत गेलेली आपल्याला कुणी दाखवत नाही. फसवणूक असते ती वेगळीच. मोठ्या पहाडी पोपटाच्या खांद्यावर तांबडा डाग असतो, म्हणून साध्या पिल्लाच्या पंखाला लाल रंग फासून ते पहाडी म्हणून दुप्पट पैशाला खपवतात. दोन महिन्यांत बोलेल म्हणून सांगतात. घेणारी बाई भाबडेपणानं घेते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी ढोलीत हात घालतं.

शिवाय तो गुन्हा आहे गं. ही काही सांगोवांगी गोष्ट नाही. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यात आपला हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळंच त्यात आलं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जांभळ्या डोक्याचा टुई आणि तो पहाडी, यांनाही हेच लागू. तुझ्या घरचे म्हणतील, “शेतातली कणसं तर हेच पोपट उडवतात, त्यांचा कसला एवढा पुळका?” त्यांचं दुखणं खरं आहे. हुरड्यावर आलेली ज्वारी आणि सूर्यफूल पोपटांचा थवा कसा फस्त करतो ते मीही पाहिलंय. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला विचार. पण शेतातून हाकलणं वेगळं आणि पिंजऱ्यात कोंडणं वेगळं.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मन एका गोष्टीपाशी अडतं. पोपट एकट्यानं राहणारा जीवच नाही. संध्याकाळी कालव्याच्या बाजूनं थवे परततात, तेव्हा बघ, एक तरी पोपट एकटा जाताना दिसतो का? चारा शोधायला सगळे मिळून, ओरडायला मिळून, झोपायलाही एकाच झाडावर दाटीवाटीनं. असा जीव वीतभर पिंजऱ्यात वीस-पंचवीस वर्षं एकटा काढतो, कारण तो जगतोच तेवढा. तुझी लेक आज दुसरीत आहे. तिचं लग्न होऊन ती सासरी गेली तरी तो पोपट तिथंच, त्याच दांडीवर असेल. कंटाळलेला पोपट स्वतःची पिसं उपटतो, तासन् तास एकाच बाजूला मान हलवत राहतो, आणि लोक म्हणतात, बघा कसा नाचतोय.

म्हणून माझं ऐकशील तर बजरीगर आण. दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणून देतात, ती छोटी, पिवळी-हिरवी-निळी, पाठीवर काळ्या रेघांची. जात पोपटाचीच, पण मूळची ऑस्ट्रेलियातली. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं १८४० मध्ये ती इंग्लंडला नेली, आणि पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरातच वाढत आली, त्यामुळं कुठल्या ढोलीतून चोरून आणलेली नसतात. कायद्याचीही अडचण नाही. परदेशी पक्ष्यांसाठी २०२४ मध्ये नवे नियम आले, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतल्या जातींची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पण बजरीगर, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा खरा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांना ती नोंद लागत नाही. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले रंगीत लव्हबर्ड मात्र त्या यादीत येतात. दुकानदार “काही लागत नाही हो ताई” म्हणाला तरी ते घेऊ नकोस. तुला त्यांची गरजही नाही. पहिलंच पाखरू आहे, बजरीगरच बरे.

जोडी घे म्हटलं, म्हणजे नर-मादीच हवेत असं नाही. दोन नर उत्तम राहतात, आणि पिल्लांचा व्याप नको असेल तर तेच बरं. चोचीच्या वर नाकपुड्यांची जी कातडी असते, ती वयात आलेल्या नराची निळी आणि मादीची तपकिरी होते. अगदी पिवळ्याधमक किंवा पांढऱ्याशुभ्र नराची गुलाबीच राहते, तिथं फसायला होतं. वयाची खूण कपाळावर. लहान पाखराच्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात, मोठं झालं की कपाळ कोरं होतं. रेघा खाली आलेली घे, ती लवकर माणसाळतात. दुकानात जरा वेळ उभी राहून बघ. जे पाखरू दुपारी नव्हे, भर सकाळी फुगून डोळे मिटून बसलंय, ज्याच्या शेपटीखाली घाण चिकटलीय, ते दया येऊनही घेऊ नकोस. आजार घरच्या दुसऱ्यालाही लागतो.

आता पिंजरा. यात कंजूषी करू नकोस, बाकी सगळ्यात कर. घुमटाचा, गोल, मंदिरासारखा पिंजरा दिसायला छान, पाखराच्या कामाचा नाही. पाखरू उडतं ते आडवं. म्हणून उंचीपेक्षा लांबी बघ. दोघांना निदान अडीच-तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच हवा. जाळीच्या तारांमध्ये अर्ध्या इंचाहून जास्त फट नको, डोकं अडकतं. असा पिंजरा तयार मिळाला नाही, तर तुमच्या तीर्थपुरीत ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करणारे वेल्डर आहेतच. पण एक सांगते, आणि हे कुणी सांगत नाही. नव्या जस्ताच्या जाळीवर जस्ताचे कण सैल असतात. पाखरं दिवसभर चोचीनं तार कुरतडतात, ते पोटात जाऊन विष होतं. जाळी आणल्यावर शिरका लावून ब्रशनं चांगली घास, पाण्यानं धू, उन्हात वाळव, मग पाखरं घाल. रंग देऊच नकोस.

दुकानातल्या प्लास्टिकच्या सारख्या जाडीच्या दांड्या काढून टाक. सारखं एकाच जाडीवर बसून तळपायाला घट्टे पडतात. परसातल्या लिंबाच्या, पेरूच्या फांद्या कापून, धुऊन लाव, एक जाड, एक बारीक, एक वाकडी. साल सोलण्यातच त्यांचा दिवस जातो. कण्हेर आणि रुई मात्र चुकूनही नको, दोन्ही विषारी.

पिंजरा ठेवायचा कुठं, हे तुझ्या घरात सगळ्यात अवघड. तुमच्या पुढच्या खोलीवर पत्रे आहेत. वैशाखात तिकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, आणि पत्र्याखाली तर अंग भाजून निघतं. बजरीगर कोरड्या देशातली, आपल्यापेक्षा काटक, तरी सावली आणि पाणी नसेल तर तासाभरात मरतात. पिंजरा मधल्या, स्लॅबच्या खोलीत ठेव, भिंतीला लागून, तुझ्या छातीच्या उंचीवर. जमिनीवर ठेवला की त्यांना सतत भीती वाटते. खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ मिळालं तर फार चांगलं, पण ऊन सरकून अंगावर आलं तर त्यांना सावलीत सरकायला जागा राहू दे. दुपारी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून, धापा टाकत बसली, तर समज उकाडा सोसत नाही. लगेच गार जागी ने, फवाऱ्याच्या बाटलीनं अंगावर पाण्याचा बारीक तुषार मार, पाय ओले कर. बर्फाचं पाणी नको. खोलीत कूलर चालेल, थेट झोत पिंजऱ्यावर नको. लाइट गेली तर पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओलं गोणपाट टांग, हवा येऊ दे. म्हणूनच म्हणते, आता चैत्रात आणू नकोस. पाऊस सरला, दसरा-दिवाळीच्या मधले दिवस आले, की आण. थंडी पडायच्या आत ती घरात रुळतील. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री मात्र पिंजरा आतल्या खोलीत, जाड चादरीखाली.

स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको, हे तुला बजावून सांगते. पाखरांची फुफ्फुसं आपल्यापेक्षा फार जोरकस. हवेतलं ऑक्सिजन जितकं झटपट ओढतात, तितकंच विषही. जुन्या काळी कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत, ते उगाच नव्हे. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्याच्या लेपातून वायू निघतो. आपल्याला वासही येत नाही, आणि शेजारच्या खोलीतलं पाखरू पडलेलं असतं. चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, डासांची लिक्विड मशीन, धूप, सुगंधी स्प्रे, सगळं त्यांच्यापासून लांब. सासूबाईंच्या देवपूजेची उदबत्ती बंद करायला मी सांगणार नाही, पण देवघर आणि पिंजरा एका खोलीत नसावेत. आणि सासूबाईंना दमा आहे. पिसांची धूळ दम्याला बाधते, म्हणून पिंजरा त्यांच्या झोपायच्या खोलीत नको. त्यांना त्रास वाढला तर पाखरांना दुसरं घर शोधायची तयारी आधीपासून ठेव. हे आणण्याआधीच त्यांच्याशी बोलून घे, नंतर नको.

खाण्याच्या बाबतीत तू नशीबवान आहेस. सगळं दाराशी आहे. बाजरी, राळा, थोडी ज्वारी. दुकानात राळ्यालाच कांगणी म्हणून चढ्या भावानं देतात. राळ्याचं अख्खं कणीस कुणाकडं मिळालं तर घेऊन ठेव, पाखरांना त्यासारखा खाऊ नाही, आणि माणसाळवायला तर तेच लागतं. पण नुसत्या दाण्यावर ठेवू नकोस. नुसता दाणा खाऊन बजरीगर लठ्ठ होतात, अ जीवनसत्त्व कमी पडतं, आयोडीन कमी पडून गळ्यातली गाठ वाढते आणि श्वास घेताना चीं-चीं आवाज येतो. दिवसाआड तरी हिरवं दे. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, मक्याचं कोवळं कणीस. पहिल्यांदा तोंड लावणार नाहीत, आठवडाभर घाबरून लांब बसतील. तरी रोज ठेव. एक दिवस चोच मारतील. भाजीवरच्या फवाऱ्याची काळजी घे. कपाशी, मोसंबी, भाजीपाला, सगळ्यावर फवारणी होते तुमच्या भागात. बाजारातली भाजी मिठाच्या पाण्यात घालून, मग साध्या पाण्यानं दोनदा धू. त्यापेक्षा परसात चार कुंड्यांत धणे-मेथी टाक. लेकीलाच टाकायला लाव.

दाण्याची वाटी रोज हातात घेऊन फुंकर मार. हे तर लिहूनच ठेव. बजरीगर दाणा सोलून खातात आणि फोलपटं वाटीतच टाकतात. वरून वाटी भरलेली दिसते, आत एक दाणा नसतो. चिमूटभर जीव, तीस-पस्तीस ग्रॅम वजन, एक-दोन दिवस पोटात गेलं नाही तर खेळ खलास. भरलेल्या वाटीपाशी उपाशी मेलेली पाखरं मला माहीत आहेत. पाणी दिवसातून दोनदा बदल, उन्हाळ्यात तीनदा. वाटी दांडीच्या खाली नको, नाहीतर त्यातच शिटतात. समुद्रफेनाचा तुकडा जाळीला बांध, हाडांसाठी आणि चोच घासायला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. आणि चहा, बिस्किट, फरसाण, चॉकलेट, खारवलेलं काहीही नको. पाव्हणे-रावळे कौतुकानं भरवतात, त्यांना तोंडावर नाही म्हण. ॲव्होकाडो हल्ली मिळायला लागलंय, ते तर पक्ष्यांना विषच.

पिंजऱ्याच्या तळाला कागद घाल, तो रोज बदल. यात फक्त स्वच्छता नाही. रोजची शीट बघायची सवय लागते. हिरवट-तपकिरी गोळी आणि मधे पांढरं, ही निरोगी. पातळ, पिवळी, दाणे न पचता पडलेले, असं दिसलं की कान टवकार. पाखरू आजार लपवतं. थव्यात दुबळं दिसलं की शिकारी पक्षी नेमका त्यालाच उचलतो, म्हणून अगदी शेवटपर्यंत ते ठीकठाक असल्यासारखं वावरतं. तुला दिसतं तेव्हा दोन-तीन दिवस उशीर झालेला असतो. पिसं फुगवून तळाला बसलंय, श्वासागणिक शेपटी वरखाली होतेय, दाणा चोचीत घेऊन टाकून देतंय, ही धोक्याची लक्षणं. अशा वेळी त्याला वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात, तीन बाजू झाकून, जवळ चाळीस वॉटचा दिवा लावून ऊब दे, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. घरगुती हळद, तेल, माणसांची गोळी काहीही नको. चोचीच्या मुळाशी पांढुरकी, भोकाभोकांची खपली धरते, ती किडीची असते. लोक मोहरीचं तेल चोळतात, नाकपुड्यांत जाऊन पाखरू गुदमरतं. डॉक्टर एका औषधानं ती बरी करतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी, त्यांचाही इलाज नाही. पण आमच्या परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला दवाखाना लक्षात ठेव. छत्रपती संभाजीनगरला पाळीव पक्ष्यांचं बघणारे डॉक्टर आहेत का, ते पाखरं आणायच्या आधीच विचारून नंबर फोनमध्ये घालून ठेव. रात्री अकराला पाखरू धापा टाकत असताना नंबर शोधत बसू नये.

घरच्या माणसांचंही सांगते. पोपटाच्या जातीतून माणसाला एक ताप येतो, कोरडा खोकला, अंगदुखी, न्यूमोनियासारखा. फार क्वचित होतो, औषधानं बरा होतो, पण डॉक्टरला सुचायला हवा. घरात कुणालाही असा ताप रेंगाळला तर “घरात पाखरं आहेत” एवढं सांगायचं. वाळलेली शीट झाडूनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. लेकीनं चोचीला तोंड लावायचं नाही, हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. पुढं कधी तिसरं पाखरू आणलंस, तर महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेव, मगच जुन्यांत सोड.

आणि माणसाळवणं. इथं लेकीचा खरा कस लागेल. पहिले आठ दिवस हात आत घालायचाच नाही. शेजारी बसून तिनं तिचा धडा मोठ्यानं वाचायचा, पाढे म्हणायचे. आवाज ओळखीचा झाला की राळ्याचं कणीस जाळीतून धरायचं. ते खायला लागली की दार उघडून हातावर. पकडायचं नाही, मुठीत आवळायचं नाही. पक्ष्याला पोटाचा पडदा नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो. मुठीत छाती दाबली की संपलं. कधी महिना लागतो, कधी तीन. पंख छाटून “शांत” करून देऊ का, असं दुकानदार विचारतो, त्याला नाही म्हण. रोज तासभर खोलीत सोड. त्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर चादर, बादलीवर झाकण, मांजर बाहेर. हे सगळं झालंय का, ते तू बघायचंस. लेकीवर सोडायचं नाही, लेकरू आहे ते.

बोलतील का? नर असेल आणि एखाददुसरा शब्द रोज सकाळी सावकाश म्हटलास, तर कदाचित. अमेरिकेतला पक नावाचा बजरीगर १,७२८ शब्द बोलायचा, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. पण दोन पाखरं एकमेकांत रमली की माणसांची भाषा कमी शिकतात. मला ते चालतं. दिवसभर त्यांची आपसात चाललेली किलबिल, एकमेकांच्या मानेची पिसं साफ करणं, भांडण, रुसवा, हे लेकीला “मिठू मिठू” पेक्षा जास्त शिकवील. पाखरू आपल्यासाठी बोलत नाही, ते त्याच्या सोबत्याशी बोलतं, हे तिला लहानपणीच कळू दे.

नर-मादी आणलीसच तर मडकं टांगू नकोस. दुकानदार पिंजऱ्याबरोबर मडकं फुकट देतो, आणि मडकं दिसलं की मादी अंड्यांवर येते. दिवसाआड एक, अशी चार-सहा अंडी, अठरा दिवसांनी पिल्लू, पाच आठवड्यांत ते बाहेर, की लगेच पुढची अंडी. वर्षभर हेच चालू राहिलं तर मादीच्या अंगातलं चुन्याचं प्रमाण फार घटतं, अंडं आत अडकतं आणि ती जाते. वाढलेली पाखरं द्यायची कुणाला? आणि “सोडून देऊ” असं तर मनातही आणू नकोस. बजरीगर आपल्या रानात जगत नाही. घारी-कावळ्यांनी धरलं नाही तर भुकेनं मरतं.

तुझ्या जावेच्या घरी जुना पोपट आहे म्हणालीस ना? तिला माझ्याकडून सांग, पण प्रेमानं सांग. लाज वाटेल असं बोलू नकोस, तिनं तो जिवापाड सांभाळलाय. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असलेल्या पोपटाचं दार उघडून देणं म्हणजे दया नव्हे. पंखांत बळ नसतं, चारा शोधायची सवय नसते, थवा त्याला घेत नाही. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, तिथं फोन करायचा, ते घेऊन जातात. आपणहून दिलं तर बहुधा समजूतदारपणे घेतात. उडता येईल असा असला तर सराव देऊन सोडतात, नसेल तर सांभाळतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं असं उपचार केंद्र आहे. तोवर त्याचा पिंजरा मोठा करा, चहा-बिस्किट थांबवा. पेरू, ओल्या तुरीच्या शेंगा, मिरची, पालेभाजी द्या. मिरचीचा तिखटपणा पाखरांना लागत नाही, आवडीनं खातात.

हे सगळं वाचून तुला वाटेल, एवढी दगदग असेल तर नकोच. मग नको आणूस. खरंच सांगते, त्यातही काही वाईट नाही. गच्चीवर मातीच्या परळात पाणी ठेव, सुगीत ज्वारीची चार कणसं दोरीला टांग. रानातले पोपट, चिमण्या, साळुंक्या येतील, लेक खिडकीतून बघेल. पाणी रोज बदल, नाहीतर डास होतात. पण मला माहीत आहे, तू एकदा घेतलंस की मनापासून करतेस. लेकीला ताप आला तेव्हा रात्र रात्र बसलेली तू. म्हणून सांगायला बसले, नाहीतर सरळ नाहीच म्हणाले असते.

दसऱ्याला मी येणार आहे. येताना समुद्रफेन आणि राळ्याची कणसं आणते. तोवर घरच्यांना घेऊन वेल्डरकडं जा, मधल्या खोलीतल्या भिंतीचं माप घेऊन जा, आणि पिंजऱ्याचं दार वर सरकणारं करू देऊ नकोस. बजरीगर ते चोचीनं उचलून बाहेर पडतात. बिजागरीचं दार कर, बाहेरून कडी.